आठ सेकंदांचं निळं आकाश

सभागृहात तीनशे माणसं होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. स्टेजवर दर्शनदादा उभा होता. कपडे पांढरेशुभ्र, कानाजवळ चिकटवलेला माइक, शेजारच्या टेबलावर लॅपटॉप. लॅपटॉपपुढे त्याने प्रेक्षकांतल्याच एका निवृत्त शिक्षिकेला बसवलं होतं. लॅपटॉपही त्या बाईंचाच. त्यातून निघालेली वायर वर जाऊन छताला उलट्या टांगलेल्या प्रोजेक्टरमध्ये शिरली होती, आणि पडद्यावर बाईंच्या नातवाचा बोळक्या हसण्याचा फोटो दिसत होता.

"नीट बघा," दादा म्हणाला. "ही वायर आहे तोवर तुम्हाला या जगातलं दिसणार. बाईंचा लॅपटॉप, बाईंचा नातू. गोड आहे हो नातू! पण मी वायर काढली तर?"

त्याने वायर उपटली आणि तिचं टोक सगळ्यांना दिसेल असं डोक्यावर धरलं. नातू गेला. पडदा निळा झाला आणि त्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरं उमटली.

"यंत्रच कबूल करतंय!" दादा गरजला. "इथला सिग्नल संपला. आता तिथला येईल. हे निळं आकाश ओलांडून ज्याला यायचंय, त्याने यावं!"

सात-आठ सेकंद गेले. मग पडद्याच्या कोपऱ्यात काही बारीक अक्षरं लुकलुकली. दादा त्यांना दिव्याक्षरं म्हणायचा. पुढच्या रांगांनी लगेच माना झुकवल्या. अक्षरं विरली आणि पडदाभर एक चेहरा उमटला.

तो माझ्या भावोजींचा होता. चौदा महिन्यांपूर्वी छपाईच्या मशीनवर काम करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत, ते भावोजी. माझ्या शेजारी बसलेल्या ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते खरेच वाटले.

"विचारा, ताई," दादाचा आवाज एकदम मऊ झाला. "नवरा समोर आहे तुमचा. विचारा."

ताई उठली. "मुलीच्या फिटच्या गोळ्या..." तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "चालू ठेवू का हो?"

पडद्यावरचे भावोजी क्षणभर तसेच राहिले. मग त्यांची मान हळूच डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे.

नाही.

इथे मी कोण ते सांगायला हवं. मी प्रोजेक्टर भाड्याने देतो आणि जोडून देतो. शाळा, कार्यालयं, सभागृहं, सगळीकडे जातो. खिशात नेहमी चार जातीच्या पिना असतात म्हणून बाजारात मला पिनवाला म्हणतात. त्या सभागृहात टांगलेला प्रोजेक्टरही माझाच. महिन्याच्या करारावर दिलेला. म्हणजे माझ्याच यंत्रातून माझ्याच मेलेल्या भावोजींनी माझ्या भाचीची औषधं बंद केली होती, आणि मी खुर्चीत बसून बघत होतो.

तो क्षण ओसरायला फार वेळ लागला नाही. निळा पडदा, सात-आठ सेकंद, कोपऱ्यात अक्षरं, मग चित्र. हे मी रोज बघतो. प्रोजेक्टरच्या पाठीवर वायर खुपसायचा एकच पोर्ट नसतो, दोन-तीन असतात. एकातून चित्र येणं थांबलं की यंत्र आपणहून दुसरे पोर्ट चाचपून बघतं, आणि ज्यात काही सापडेल ते पडद्यावर टाकतं. कोपऱ्यातली दिव्याक्षरं म्हणजे त्या पोर्टाचं नाव. एचडीएमआय दोन! लोक त्याला नमस्कार करत होते.

आणि ही आपोआप शोधायची सोय चालू कुणी ठेवली होती? मीच. आमच्या धंद्यातली ती सवय आहे. सोय बंद ठेवली तर गिऱ्हाईक चुकीच्या पोर्टात वायर खुपसतं आणि दर तासाला फोन करतं, "अहो, चित्र येत नाही." म्हणून यंत्र टांगलं की सगळ्यात आधी ती सोय चालू करायची. माझ्या आळसावर त्या माणसाचा परलोक उभा होता. मला स्वतःचीच चीड आली.

घरी पोचेपर्यंत माझं हे सगळं ताईला दोनदा सांगून झालं होतं.

"तुला मेलं सगळीकडे वायरच दिसते," ती म्हणाली.

"अगं, कार्यक्रमाच्या आधीच फॉर्म भरून घेतात. नातं काय, प्रश्न काय, आणि समोरून काढलेला फोटो. तूच दिलास ना फोटो? कुठलाही फोटो मान हलवताना दाखवतील अशी ॲप्स आज शेंबड्या पोराच्या फोनमध्ये असतात!"

"ते तसंच बघायचे माझ्याकडे. फोटो असा बघत नाही."

"ताई, गोळ्या थांबवू नकोस. हात जोडतो."

"त्यांनी सांगितलंय." तिने गोळ्यांची पाकिटं कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. विषय संपला. आमच्या ताईचा विषय संपला की तो संपतो, हे मला तिने लहानपणी माझी पाटी फोडली तेव्हापासून माहीत आहे.

माझी भाची ठमी सोळा वर्षांची. गोळ्यांमुळे गेली दोन वर्षं तिला एकही फिट आलेली नव्हती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "मी दुसरं पाकीट आणून देतो, गुपचूप घे."

"नको, मामा. बाबांनी मान हलवली ना."

"ते बाबा नव्हते गं."

"आई म्हणते, होते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिलाही ते बाबाच असायला हवे होते.

सोमवारी मी ठमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या माझ्यावरच भडकल्या. "अशा गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात! फिट परत येईल, आणि एकामागून एक आल्या तर जिवावर बेतेल. घेऊन या तिला." मी ताईला म्हटलं चल, ती म्हणाली नाही. मंगळवारी मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. एकदा विसरलेली छत्री आणायला, एकदा छत्री विसरायला, आणि एकदा काहीच कारण न काढता.  एका शाळेचा प्रोजेक्टर जोडताना मी आवाजाची पिन चित्राच्या जागी खुपसली. वीस वर्षांत पहिल्यांदा. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचो.

गुरुवारी सकाळी फोन वाजलाच. ठमीचा होता. आवाज अगदी बारीक.

"मामा, हातातून कप पडला. हात आपोआप उडाला. पूर्वी मोठ्या फिटच्या आधी व्हायचं ना, तसं. आईला म्हटलं निसटला."

मी शिडी घेतली आणि तडक सभागृहात गेलो. त्या दुपारी दादाचा पुढचा कार्यक्रम होता. कार्यक्रमाआधी प्रोजेक्टरची जाळी पुसायची हे करारातच होतं, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही. वर चढलो. खालून दिसणार नाही अशा बाजूला, दुसऱ्या पोर्टात, बोटभर लांबीची काळी डबी बसवलेली होती. बिनतारी रिसीव्हर. बाजारात कुठेही मिळतो. फोनवर जे चाललेलं असेल ते जसंच्या तसं हवेतून उचलायचं आणि पोर्टात सोडायचं, एवढंच त्याचं काम.

पहिल्यांदा वाटलं, उपटून फेकावी. हात पुढेही केला. मग म्हटलं, थांब. डबी काढली तर पडदा निळाच राहील, आणि दादा म्हणेल, आज आत्मे रुसले, सभेत कुणीतरी नास्तिक बसलाय. ताई माझ्याकडेच बघेल. डबी जागेवरच हवी होती. मी जाळी पुसली, खाली उतरलो आणि दुकानातून या प्रोजेक्टरचा जादा रिमोट घेऊन ताईकडे गेलो.

"आज तू जाणार आहेस?"

"जाणार. ठमीला शिकायला बाहेरगावी पाठवू का, ते विचारायचंय. फॉर्म भरलाय."

मी रिमोट तिच्या हातात दिला. "या बटणाने दुसरा पोर्ट लागतो. दादाने वायर काढायच्या आधी, लॅपटॉप पडद्यावर दिसत असताना, तुला वाटेल तेव्हा एकदा दाब. बस्स. दादाचं म्हणणं खरं असेल तर त्या पोर्टात काहीच नसणार, पडदा निळा होईल. मग मी जन्मात पुन्हा वायरचं नाव काढणार नाही. दादाच्या पायावर डोकं ठेवीन, भर सभेत."

"तूच दाब की."

"मी दाबलं तर म्हणशील, पिनवाल्याने काहीतरी करामत केली."

तिने तो उलटसुलट करून पाहिला. मग रिमोट पर्समध्ये टाकला. "दाबते. आणि डोकं नुसतं टेकवायचं नाही, चांगलं ठेवायचं."

ठमीला घरी एकटं ठेवायची माझी हिंमत नव्हती. तिलाही बरोबर घेतलं. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो, ती आमच्या दोघांच्या मध्ये. मी तिच्या हातांवरून नजर काढत नव्हतो.

दादा रंगात आला होता. आज लॅपटॉपपुढे एक शिंपी बसला होता आणि पडद्यावर त्याच्या गिऱ्हाइकांच्या मापांची यादी होती. दादा म्हणाला, "लोक मला विचारतात, दादा, यात विज्ञान आहे का? अहो, विज्ञान म्हणजे वायर! वायर जिथवर पोचते तिथवर विज्ञान. त्याच्यापुढे मी!"

टाळ्या पडल्या. ताईचा हात पर्समध्ये होता. मला बसवत नव्हतं. माझा गुडघा इतका हलत होता की पुढच्या खुर्चीवरच्या माणसाने दोनदा वळून पाहिलं. दाब ना, दाब ना, मी मनात म्हणत होतो. ती दाबत नव्हती. मला तेव्हा कळलं की तिलाही भीती वाटते, आणि ती भीती मी हरेन याची नाही, जिंकेन याची.

तेवढ्यात ठमीचा डावा हात उडाला. माझ्या छातीवर आपटला आणि मांडीवर पडला. ठमी ओशाळून हसली. ताईने ते पाहिलं. तिला सकाळच्या कपाचंही तेव्हा उमगलं असावं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला. तिने रिमोट वर धरला आणि बटण दाबलं.

शिंप्याची मापं गेली. क्षणभर काळं झालं. कोपऱ्यात दिव्याक्षरं लुकलुकली, आणि काही माना सवयीने झुकल्या. मग पडद्यावर एक फोन दिसायला लागला. तीन माणसांच्या उंचीचा फोन. त्यावर यादी होती.

'१. पुढची रांग, काठीवाले आजोबा. बायको. प्रश्न: माझ्यावर रागावलीस का? उत्तर: नाही, हसू.'

'२. चष्मेवाली नर्स. वडील. प्रश्न: नोकरी सोडू? उत्तर: हो.'

'३. गोळ्यांवाली बाई, पुन्हा. नवरा. प्रश्न: मुलीला बाहेरगावी? उत्तर: नाही. मुलगी जवळ राहिली की बाई येत राहील.'

 दादाची पडद्याकडे पाठ होती. तो बोलतच होता. "आता मी ही वायर..." मग लोकांची तोंडं बघून त्याने वळून पाहिलं.

पडद्यावर यादी भराभर वर सरकली. फोन ज्याच्या हातात होता तो दादाचा चेला, चाळिशीतला टकलू गृहस्थ, मागच्या पडद्याआड बसून घाईघाईने ती बंद करत होता. यादी गेली तर फोटो उघडले. एक फोटो मोठा झाला. त्यात भावोजी होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून ताई होती. फोटोवर कापायच्या खुणांची चौकट होती. भावोजी चौकटीच्या आत, ताई बाहेर. चेल्याचं बोट पुन्हा कुठेतरी लागलं आणि फोनचा कॅमेरा उघडला. पडदाभर चेल्याचाच घामेजलेला चेहरा आला, भांबावलेला, तोंड अर्धं उघडं. दिव्याक्षरांनंतर त्या पडद्यावर पहिल्यांदाच एक जिवंत माणूस दिसला.

कुणीतरी खो खो हसलं. मग गलका झाला.

"दुष्ट शक्ती!" दादा ओरडत होता. "सभेत दुष्ट शक्ती शिरली आहे!"

"हो, दुसऱ्या पोर्टात शिरली आहे," मी उठून म्हणालो. आता मला बसवणारच नव्हतं. कोपऱ्यातली शिडी ओढली, वर चढलो, ती काळी डबी काढली आणि सगळ्यांना दाखवली. डबी निघाल्याबरोबर चेल्याचा चेहरा गेला आणि पडदा निळा झाला. मी तिथूनच सांगितलं: फॉर्ममधला फोटो, फोनमधलं ॲप, ही डबी, आणि वायर काढल्यावर दुसरा पोर्ट आपोआप शोधणारं यंत्र. "हे निळं आकाश दुसरंतिसरं काही नाही. यंत्र शोधाशोध करतंय, तेवढा वेळ. आणि ती सोय मी चालू ठेवली होती. त्याबद्दल माफी मागतो."

लोक स्टेजकडे धावले. दादा आणि चेला मागच्या दाराने पळाले, पण दाराबाहेर चहावाल्याने त्यांना धरून ठेवलं आणि पोलीस आले. ते सगळं यथासांग झालं. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. शिडीवरून उतरलो तर काठीवाले आजोबा समोर उभे. "मागच्या महिन्यात ती हसली होती हो माझ्याकडे बघून," ते म्हणाले. "तेही..."

"फोटो तुम्हीच दिला होतात ना, आजोबा? ते हसू त्यात आधीपासूनच होतं. तुमच्याकडे बघूनच हसली असेल ती, फोटो काढताना."

त्यांनी मान हलवली आणि काठी टेकत निघून गेले. मला फार वाईट वाटलं. चोर पकडल्यावर चोरीला गेलेलं परत मिळतं, इथे तसं नव्हतं.

आम्ही तिघं रिक्षाने निघालो. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, नेहमीचा डोस आत्ताच द्या आणि तासाभरात मुलीला माझ्याकडे आणा. घरी आल्यावर मी म्हटलं, "ताई, किल्ली."

ती पलंगावर बसून राहिली. "एकदा गेले होते ते," ती म्हणाली. "आज तू पुन्हा नेलेस."

 ठमी दारात उभी होती. तिने हळूच विचारलं, "पण मामा, बाबा खरंच काय म्हणाले असते?"

त्या एका प्रश्नाने मला एकदम आठवलं. भावोजींचा जुना व्हिडिओ कॅमेरा माझ्या दुकानात दुरुस्तीला पडून होता. त्यांनीच टाकला होता, मी आज-उद्या करत राहिलो होतो आणि पुढे त्याला हात लावायचा धीर झाला नव्हता. दुकान दोन गल्ल्यांवर. पळत गेलो. कॅमेऱ्याला बिघाड कसला, पिनेचं टोक वाकलं होतं, ते सरळ केलं. तो आणि लहान प्रोजेक्टर घेऊन पाच मिनिटांत परतलो.

"बघा," मी म्हटलं, आणि एकेक वायर दोघींच्या डोळ्यांसमोर जोडली. "ही पिवळी पिन चित्राची, ती प्रोजेक्टरला. लाल आणि पांढरी आवाजाच्या, त्या या स्पीकरला. टेप कॅमेऱ्यात. दुसरं काहीही नाही. पाहिजे तर सगळं उलटंपालटं करून बघा."

भिंतीवर चित्र आलं. हीच खोली. नऊ-दहा वर्षांची ठमी स्टुलावर उभी राहून नाच करून दाखवत होती. भावोजी दिसत नव्हते, कॅमेरा त्यांच्याच हातात होता. फक्त आवाज.

"ठमे, गोळी घेतलीस का?"

"नाचून झाल्यावर!"

"नाही हं. आधी गोळी, मग नाच. आईला विचार, पाणी कुठाय."

आणि कॅमेरा वळला, ताईवर थांबला. ती हातात पेला घेऊन आधीच उभी होती.

ठमी प्रोजेक्टरजवळ गेली. तिने वाकून पिवळी पिन उपटली. बहुतेक तिला खात्री करून घ्यायची होती. चित्र गेलं, भिंत निळी झाली. आणि त्या निळ्या भिंतीसमोर भावोजींचा आवाज तसाच स्पष्ट चालू राहिला: "घेतली? शाब्बास. आता नाच."

ठमी दचकून मागे सरली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार तेवढ्यात ताई बोलली.

"घाबरू नकोस गं. लाल आणि पांढरी अजून जोडलेल्या आहेत. आवाज त्यातून येतोय."

मग ती उठली, कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

ही हकिगत मी लिहून काढली, कारण मला लोक अजून विचारतात, आम्ही काय तुमच्यासारखे वायरीतले जाणकार आहोत का, आम्हाला कसं कळणार? नाही कळलं तर नाही कळलं. कुठे काय जोडलंय हे कळायलाच हवं असं नाही, पण विचारायला मात्र हवं. समोर अद्भुत काही दिसलं की तेवढ्यापुरतं थांबा आणि विचारा, हे कुठून येतंय, आणि मला का दाखवताहेत? जो खरा असेल तो तुम्हाला शिडीवर चढून बघू देईल. आणि कुणीही, जिवंत असो की मेलेला, औषध थांबव म्हणाला, तर आधी डॉक्टरला विचारा.

ठमी आता बाहेरगावी शिकते. गोळ्या चालू आहेत. रोज ठरलेल्या वेळी तिच्या फोनवर गजर होतो. त्यात तिने टेपमधला तो आवाज भरून घेतला आहे. कसा भरला, ते जो विचारेल त्याला ती दाखवते.